आधी सायकल मोजा, मग प्रदर्शनाला जा

गावात सायकलींचं प्रदर्शन लागलं की लोक हौसेनं जातात, सवलतीत टायर घेतात आणि घरी आल्यावर कळतं की तो रिमवर चढतच नाही. क्रम उलटा ठेवला तर हे टळतं. आपल्याकडे सायकलीचा खरा मोसम ऑक्टोबर ते फेब्रुवारी. पावसाळाभर जिन्याखाली उभी असलेली सायकल आधी उन्हात काढा, तिला काय हवं ते कागदावर उतरवा आणि तो कागद खिशात घालूनच प्रदर्शनाला निघा.

घरची तपासणी

सीटच्या दांड्यावर चिकटपट्टीनं उंचीची खूण करा आणि दांडा बाहेर काढून सायकल उलटी धरा. पावसात भिजलेल्या फ्रेममधून बरेचदा गंजाचं लालसर पाणी निघतं. दांडा परत बसवताना पातळ ग्रीस लावा. नाहीतर लोखंडी फ्रेममध्ये अ‍ॅल्युमिनियमचा दांडा असा धरून बसतो की पुढे हातोडीलाही दाद देत नाही. दांडा किंवा फ्रेम कार्बनची असेल तर मात्र ग्रीस नको, कार्बनसाठीची वेगळी पेस्ट मिळते ती वापरा.

आता चेन. इंचांच्या खुणा असलेली स्टीलची पट्टी घ्या आणि शून्याची खूण एका पिनच्या बरोब्बर मध्यावर धरा. नव्या चेनमध्ये १२ इंचांच्या खुणेवरही पिनचा मध्यच येतो. तो दीड मिलिमीटर पुढे सरकलेला असेल तर चेन बदलायची वेळ झाली. तीन मिलिमीटर सरकला असेल तर मागच्या दात्यांनीही बहुधा त्याच चेनचा आकार घेतलेला असतो. तिथे नुसती नवी चेन टाकली की ती जोर लावताना दात्यांवरून उडते. चेन ‘लांबते’ म्हणतात, पण लोखंड ताणलं जात नाही. चिखल-वाळूनं पिना झिजतात आणि प्रत्येक सांध्यात थोडी थोडी ढिलाई येते. कागदावर मागच्या चकत्यांची संख्या लिहा: ७, ८, ९, जी असेल ती. चेन त्या हिशोबानंच घ्यायची असते.

पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा. हँडलच्या मुळाशी टक्टक जाणवली तर हेडसेट सैल आहे. चाक उचलून हळू फिरवा. आसाजवळ वाळू दळल्यासारखी खरखर आली तर छर्रे धुऊन नवं ग्रीस भरावं लागेल. हे काम मेकॅनिककडे द्या, दिवाळीच्या गर्दीआधी.

टायरचा आकडा

फसगत सगळ्यात जास्त इथे होते. ‘सव्वीसचा टायर द्या’ एवढं सांगून भागत नाही. २६ × १⅜ चा टायर ५९० मिलिमीटरच्या रिमचा, तर माउंटन बाइकचा २६ × १.९५ हा ५५९ मिलिमीटरचा. नाव दोन्हींचं सव्वीस, पण एकाच्या जागी दुसरा बसत नाही. अठ्ठावीसचंही तेच. जुन्या काळ्या सायकलीचा २८ × १½ हा ६३५ चा आणि हायब्रिडचा ७०० सी हा ६२२ चा. म्हणून टायरच्या बाजूवर ‘३७-६२२’ असा जो जोडआकडा छापलेला असतो तोच लिहा, नाहीतर सरळ फोटो काढा. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमचा व्यास. सोबत वॉल्व्ह जाड आहे की बारीक हेही पाहा. बारीक वॉल्व्हसाठी पाडलेल्या रिमच्या भोकात जाड वॉल्व्ह शिरत नाही.

प्रदर्शनात

सकाळी दार उघडताच जा. दुपारनंतर चालवून बघायला सायकल रिकामी मिळत नाही. सायकलीवर बसण्याआधी दोन्ही पायांत फ्रेमचा आडवा दांडा घेऊन उभे राहा. दांडा आणि जांघ यांच्यामध्ये रस्त्यावरच्या सायकलीला किमान दोन-तीन सेंटिमीटर, माउंटन बाइकला पाच किंवा जास्त जागा सुटली पाहिजे. आखूड फ्रेमवर सीट वर चढवून भागवू असं सांगणारा विक्रेता भेटेलच. सीटच्या दांड्यावरची किमान खोलीची रेघ फ्रेमच्या बाहेर आली की ती तडजोड धोक्याची.

सिंहगडासारखा चढ डोक्यात असेल तर एकूण गिअर किती हे विचारू नका. पुढची सर्वांत लहान चकती आणि मागची सर्वांत मोठी, यांचे दाते मोजा. पुढे ३४ आणि मागे ३४ असेल तर पायडलाच्या एका फेऱ्यात चाकाचाही एकच फेरा होतो. नवख्याला चढावर एवढं हलकं गिअर तरी हवंच. एकवीस गिअरच्या जाहिरातीला भुलणाऱ्यांची आम्हाला मनापासून कीव येते.

हेल्मेटवर ‘ईएन १०७८’ किंवा तत्सम मानकाचा शिक्का आणि आतल्या बाजूला उत्पादनाची तारीख बघा. पट्टा न लावता डोकं हलवा; हेल्मेट घसरलं तर माप मोठं आहे. दिवे इथेच घ्या. २०० किलोमीटरच्या बीआरएमला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीला, साडेतेरा तास मिळतात, म्हणजे पहाटे सहाला निघालेल्या माणसाला हिवाळ्यात अंधार गाठतोच. नवी सायकल घेतलीत तर पावतीवर फ्रेमचा क्रमांक लिहून घ्या.

परत घरी

चेनच्या प्रत्येक रोलरवर आतून एकेक थेंब तेल सोडा, पायडल उलटं फिरवा, रात्रभर राहू द्या आणि सकाळी कोरड्या फडक्यानं बाहेरचं सगळं पुसून काढा. हे पुसणंच लोक टाळतात, आणि मग धूळ बसून चेनवर काळं वंगण तयार होतं. शिलाई मशीनचं तेल फार पातळ, टिकत नाही. खोबरेल तर थंडीत थिजतं.

रिम ब्रेकच्या शूमध्ये अडकलेले खडे आणि धातूचे कण सुईनं टोकरून काढा; तेच रिमला चरे पाडतात. डिस्क ब्रेक असेल तर चकतीला तेलाचा थेंबही लागता कामा नये. याच सुमारास खंडेनवमी येते. सायकलीची पूजा जरूर करा, पण कुंकवाचं बोट हँडलला लावा. झेंडूची माळही हँडललाच. मागच्या गिअरमध्ये पाकळ्या अडकल्या की चिमट्यानं काढत बसावं लागतं.

हवा भरताना टायरच्या बाजूवर छापलेली मर्यादा ओलांडू नका. ७०० × ३५ च्या टायरला सत्तर किलोच्या माणसासाठी ५० ते ६० पीएसआय पुरतात, मागे पाच जास्त. दगडासारखं कडक चाक आपल्या रस्त्यांवर हात बधिर करतं.

पहिल्या आठवड्यात १५-२० किलोमीटर सपाट रस्त्यावरच चालवा. नव्या केबल बसवल्या असतील तर शंभरेक किलोमीटरनंतर गिअर खरखरू लागतील. केबल बसल्यामुळे थोडी सैल होते म्हणून. मागच्या गिअरपाशी केबल शिरते तिथला छोटा नॉब अर्धा फेरा डावीकडे फिरवला की बहुतेक वेळा आवाज थांबतो.