आकाशदर्शन उपक्रमासाठी सीएसआर निधी मागताना

शाळाशाळांत दुर्बीण नेऊन खगोलविज्ञान शिकवणाऱ्या संस्थांनी कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीचा, म्हणजेच सीएसआरचा, जरूर विचार करावा. कंपनी कायदा, २०१३ च्या सातव्या अनुसूचीत, म्हणजे हा निधी ज्यांवर खर्च करता येतो त्या कामांच्या यादीत, शिक्षणाला चालना देणाऱ्या कामांचा स्पष्ट समावेश आहे. आयकर विभागाकडील धर्मादाय नोंदणी, देणगीदारांना करसवलत देणारी मान्यता, सीएसआर-१ (सीएसआर निधी घेणाऱ्या संस्थेने केंद्र सरकारकडे भरायचा अर्ज) भरून मिळणारा नोंदणी क्रमांक आणि तत्सम कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव ही तयारी आधीच असावी.

खरी अडचण प्रस्तावाच्या मांडणीत येते. ग्रहणाच्या दिवशी किंवा २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनी एखादा मोठा कार्यक्रम करण्यासाठी पैसे मागितले जातात. परंतु एकवेळच्या कार्यक्रमांवरील खर्च सीएसआरमध्ये धरला जाणार नाही, असे केंद्र सरकारच्या जून २०१४ च्या परिपत्रकात म्हटले होते; त्याची जागा २०२१ मध्ये नव्या परिपत्रकाने घेतली असली, तरी निव्वळ एकवेळच्या कार्यक्रमाची मागणी टाळलेली बरी. त्यामुळे तोच कार्यक्रम शिक्षक-प्रशिक्षण, वर्गातील प्रयोग आणि पाठपुरावा असलेल्या वर्षभराच्या प्रकल्पाचा एक भाग म्हणून मांडावा. महाराष्ट्रात पावसाळ्याचे चार महिने आकाश क्वचितच मोकळे मिळते, म्हणून जून ते सप्टेंबर प्रशिक्षणासाठी ठेवून निरीक्षणे ऑक्टोबरनंतर दाखवावीत. असे वेळापत्रक पाहिले की अर्जदाराला काम ठाऊक आहे, हे वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येते.

दुर्बिणीसारखी भांडवली मालमत्ता कंपनीला स्वतःच्या नावावर ठेवता येत नाही. ती कोणत्या नोंदणीकृत संस्थेच्या मालकीची राहील आणि तिच्या देखभालीचा खर्च निधी संपल्यावर कोण करील, हे अंदाजपत्रकातच लिहावे.