अलॉटमेंट : खोल्यांची की शेअर्सची?

पणजीत एका वकिलांकडे ज्युनियर म्हणून लागले त्या पहिल्याच आठवड्यात सरांनी केबिनमधून हाक मारली, "अलॉटमेंटचं काम आलंय, संध्याकाळपर्यंत बघून ठेव." अलॉटमेंट म्हणजे शेअर्सचं वाटप, असं धरून मी लगेच २०१३ चा कंपनी कायदा उघडला. कलम ४२, कलम ६२, बोर्डाचा ठराव, वाटप झाल्याचं कंपनी निबंधकांना कळवणारा पीएएस-३ फॉर्म, त्याची मुदत. दोन पानं टिपणं काढली आणि ऐटीत आत गेले. सरांनी फाईल पुढे सरकवली. कळंगुटचं एक हॉटेल आणि एक परदेशी टूर ऑपरेटर. सीझनभर साठ खोल्या त्याच्यासाठी राखून ठेवायच्या, आणि ज्या विकल्या जाणार नाहीत त्या किती दिवस आधी हॉटेलला परत द्यायच्या, याचा करार. हॉटेलवाले यालाच अलॉटमेंट म्हणतात. सर हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. एवढंच म्हणाले, "तू वाचलंस ते कॉर्पोरेट, हे कमर्शियल. आपण दोन्ही करतो, पण समोर कोणतं आलंय ते आधी विचारावं."

मिरामारच्या किंवा मडगावच्या लॉ कॉलेजातून बाहेर पडणारी मुलं आता मला हेच विचारतात: कॉर्पोरेट आणि कमर्शियल वकिलीत फरक काय, आणि कोणतं निवडावं? बहुतेकांच्या डोक्यात एकच चित्र असतं: कोर्टात उभं राहायचं नाही, एसीत बसायचं, म्हणजे कॉर्पोरेट. आपल्याकडच्या नोकरीच्या जाहिरातीही तसंच लिहितात, त्यामुळे मुलांचा दोष नाही. लंडनच्या मोठ्या फर्म्समध्ये हे सहसा दोन वेगळे विभाग असतात. पणजीतल्या पाटोवरच्या आमच्यासारख्या तीन खोल्यांच्या ऑफिसात एकाच टेबलावर दोन्ही फाईली असतात.

मी समजावताना घराचं उदाहरण देते. घर कुणाच्या नावावर, भावाभावांत हिस्से किती, घरात कुणाचा शब्द चालतो, उद्या एखाद्याला हिस्सा विकायचा तर आधी कुणाला विचारायचं, हे कॉर्पोरेट वकिलाचं काम. कंपनी स्थापन करणं, शेअर्स देणं, भागधारकांचे आपसातले करार, संचालकांचे अधिकार, कंपनी विकणं-घेणं, विलीनीकरण. आणि त्याच घराचा किराणा, दूधवाला, वरच्या माळ्यावरचा भाडेकरू, गवंड्याशी ठरलेली मजुरी, हे कमर्शियल वकिलाचं. पुरवठा, वितरण, गोदाम, सॉफ्टवेअर, हॉटेल चालवायला देण्याचे करार, फ्रँचायझी. एकाचं बायबल कंपनी कायदा, दुसऱ्याचं १८७२ चा करार कायदा आणि १९३० चा मालविक्री कायदा.

कामाची लयही वेगळी. कॉर्पोरेटमध्ये महिना महिना शांतता, मग एखादा व्यवहार आला की पंधरा दिवस रात्रीचं जेवण ऑफिसात. तारखा कायद्याने बांधलेल्या. खाजगीरीत्या शेअर्स देऊन पैसे उभे केले, तर अर्जाचे पैसे आल्यापासून ६० दिवसांत वाटप झालं पाहिजे आणि वाटपानंतर १५ दिवसांत पीएएस-३ भरला पाहिजे. तो भरेपर्यंत त्या पैशाला हात लावायचा नाही. क्लायंटला हे पटवणं हेच अर्धं काम, कारण खात्यात पैसे दिसत असतात आणि यंत्राचा पुरवठादार रोज फोन करत असतो.

कमर्शियलमध्ये रोज दोन-तीन करार येतात आणि प्रत्येकाला "आजच हवं" असतं. इथे कायद्याइतकाच धंदा कळावा लागतो. माझ्या सुरुवातीच्या एका मसुद्यात मी बांधकाम कंत्राटदाराच्या बाजूने 'अनपेक्षित नैसर्गिक आपत्ती' या, उशीर माफ करणाऱ्या कलमात मुसळधार पाऊस घातला होता. समोरच्या वकीलबाईंनी लाल पेनाने शेजारी लिहिलं, 'गोव्यात जुलैमध्ये?' काढावा लागला. त्यानंतर पावसाचे दिवस मुदतीतच मोजून मागायला शिकले. तसंच देणी. पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल, तर करारात पैसे द्यायला नव्वद दिवस लिहून काही उपयोग नाही. २००६ चा कायदा ४५ दिवसांपलीकडे जाऊ देत नाही, आणि उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. वेर्णे-कुंडईच्या औद्योगिक वसाहतींतल्या कितीतरी छोट्या पुरवठादारांनाच हे ठाऊक नसतं.

दोन्ही कामं जिथे एकमेकांना भिडतात तिथे मी सपशेल आपटले. वेर्ण्यातली पॅकेजिंगची एक कंपनी विकली जात होती, आम्ही घेणाऱ्याच्या बाजूने. कंपनीचे सगळे करार वाचून धोके काढायचं काम माझ्याकडे. लोखंडी कपाट, गंजलेल्या टाचण्या, पावसाळ्यात एकमेकांना चिकटलेली पानं, आणि दर तासाला चहा आणून देणारे, फाईल जागेवर गेली की नाही हे तिरक्या नजरेने बघणारे तिथले क्लार्क दादा. मी प्रत्येक करारात एकच शोधत होते: करार दुसऱ्याला हस्तांतरित करायला मनाई आहे का. जवळजवळ सगळीकडे होती. पण शेअर्स विकले तरी करारातली कंपनी तीच राहते, फक्त तिचे मालक बदलतात. म्हणजे हस्तांतर नाही, संमती नको. कॉर्पोरेटचं हे तत्त्व बरोबर होतं आणि मी ते रुबाबात अहवालात लिहिलं.

सह्यांना दोन दिवस उरले असताना सरांनी सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाचा पुरवठा करार स्वतः उघडला. तिसऱ्या पानावर, व्याख्यांत, एक ओळ: निम्म्याहून जास्त भागभांडवलाची मालकी बदलली तर तेही हस्तांतरच समजलं जाईल. मी व्याख्या वाचल्याच नव्हत्या, थेट मागच्या पानांवर गेले होते. त्या गिऱ्हाइकाने हात काढला असता तर कंपनी घेण्यात अर्थच नव्हता. संमतीपत्र यायला तीन आठवडे गेले, व्यवहार तेवढा लांबला, आणि मी काही दिवस सरांच्या डोळ्याला डोळा दिला नाही. तेव्हापासून कोणताही करार व्याख्यांपासून वाचते.

त्याच व्यवहारात एक गोष्ट मात्र मला सुचली, आणि ती पुस्तकामुळे नाही, डिचोलीतल्या आमच्या घरामुळे. मोठ्या शहरातून आलेल्या मसुद्यात विकणारे म्हणून फक्त दोन भाऊ होते. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्यानुसार, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, दोघांचा अर्धा अर्धा वाटा. प्राप्तिकर कायद्यातही म्हणूनच गोव्यासाठी वेगळी तरतूद आली, पगार सोडून बाकीचं उत्पन्न दोघांत निम्मं-निम्मं. मी म्हटलं, दोघांच्या बायकांच्याही सह्या घेऊया. थोरल्या वहिनी सही करता करता म्हणाल्या, "इतकी वर्षं कंपनीचा चहा मी केला, अर्धी माझी आहे हे आज कळतंय." नव्या मुलांना सांगते, गोव्यात शेअर्स असोत की जमीन, विकणाऱ्याचं लग्न झालंय का हा प्रश्न पहिल्या पानावर विचारा.

भांडण लागलं की वाटा पुन्हा वेगळ्या होतात. भागधारकांवरचा अन्याय, कंपनीचा कारभार, दिवाळखोरी यासाठी राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरण (एनसीएलटी) लागतं आणि गोव्याचं काम त्याच्या मुंबई खंडपीठाकडे आहे. कंपनी निबंधकांचं कार्यालय मात्र पणजीतच. माल खराब आला, पैसे थकले, असलं प्रकरण इथेच राहतं. २०१५ च्या व्यावसायिक न्यायालय कायद्यात दावा आधी किमान एक कोटीचा असावा लागे, २०१८ मध्ये ही मर्यादा ३ लाखांवर आली, आणि तातडीचा मनाई हुकूम नको असेल तर दाव्याआधी मध्यस्थी करावीच लागते. गंमत म्हणजे हाच कायदा भागधारकांच्या करारावरचा वादही 'व्यावसायिक' वादांच्या यादीत धरतो. नावांच्या पाट्यांवर फार विसंबू नका ते यासाठीच.

कोणतं निवडावं? निव्वळ कॉर्पोरेटच करायचं असेल तर काही वर्षं मुंबई पाहावी लागेल. इथे तेवढ्या मोठ्या उलाढालीचे व्यवहार रोज होत नाहीत, आणि छोट्या कंपन्यांचे फॉर्म कंपनी सेक्रेटरीच भरतात. कमर्शियलला मात्र गोवा सुपीक आहे: औषध कारखाने, हॉटेलं, बंदर, जहाजबांधणी. मी स्वतः हळूहळू त्या बाजूला झुकले, कारण मला गोदामात जाऊन माल कसा मोजतात ते बघायला आवडतं. आकड्यांचे तक्ते आणि ठरावांची भाषा ज्यांना रुचते ती मुलं पहिल्याच वर्षात ओळखू येतात. त्यांनी कॉर्पोरेटच करावं.

आणि एक, जे मला कुणी सांगितलं नव्हतं. एखाद्या कंपनीच्या विधी विभागात पूर्णवेळ पगारी नोकरी धरली, तर बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे त्या काळात वकिली करता येत नाही. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलला कळवून सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, स्थगित ठेवावी लागते. नोकरी सोडल्यावर ती पुन्हा चालू करता येते, पण त्यासाठी अर्ज करावा लागतो. म्हणून ऑफर लेटर हातात आलं की पगाराच्या आकड्याआधी बघा, ते तुम्हाला कर्मचारी म्हणून घेतायत की रिटेनरवर, म्हणजे ठरावीक मानधनावर बाहेरचा वकील म्हणून.