वाढलेल्या जेवणात पथ्य कुठे मोडते? समारंभाला जाताना या चुका टाळा

घरी जेवताना काय शिजवायचे, किती घ्यायचे आणि केव्हा बसायचे हे तिन्ही निर्णय आपले असतात. समारंभात जेव्हा जेवण वाढून समोर येते तेव्हा पदार्थ यजमान ठरवतात, प्रमाण वाढणारा ठरवतो आणि वेळ कार्यक्रमावर अवलंबून राहते. हा फरक लक्षात न घेता अनेक जण केवळ मनोनिग्रहाच्या भरवशावर जातात आणि पथ्य मोडले की घरी परतताना स्वतःला दोष देत राहतात. माझे मत असे आहे की, बहुतेक वेळा मनोनिग्रह कमी पडलेला नसतो, तर निर्णय उशिरा घेतलेला असतो. एकदा पदार्थ ताटात आला की त्याच्याशी झगडण्यातच जेवण संपते. त्यामुळे पुढे सांगितलेले बहुतेक उपाय ताट भरण्यापूर्वी करायचे आहेत.

दिवसभर उपाशी राहून जाणे

संध्याकाळी जेवणाचे निमंत्रण आहे म्हणून सकाळी काही खायचे नाही आणि दुपारीही जेमतेम काहीतरी खाऊन भागवायचे, ही चूक फार प्रामाणिक हेतूने केली जाते. तिकडे जास्त खाल्ले जाणार असेल तर इकडे कमी खावे, हा हिशेब वरवर बरोबरही वाटतो. प्रत्यक्षात जेवणाची वेळ टळत गेली की भूक जागवणाऱ्या घ्रेलिन या संप्रेरकाचे प्रमाण वाढते, गोड आणि तळलेले पदार्थ अधिक ओढ लावतात आणि पहिले काही घास नीट न चावताच गिळले जातात. त्यातच भाषणे लांबली किंवा पाहुणे उशिरा आले तर जेवण आणखी तासभर पुढे जाते, आणि तोवर समोर फिरणाऱ्या किरकोळ खाण्यावरच पोट भरते.

यावर उपाय सोपा आहे. त्या दिवशीचा नाश्ता आणि दुपारचे जेवण नेहमीसारखेच घ्यावे, आणि निघण्यापूर्वी तासभर आधी प्रथिने व तंतू असलेले थोडे खाणे घ्यावे. वाटीभर दही, एखादे उकडलेले अंडे, मूठभर शेंगदाणे किंवा एक फळ एवढे पुरेसे होते. समारंभाला पोट भरून जायचे नाही, फक्त कडकडून भूक लागलेल्या अवस्थेत पोहोचायचे नाही.

मधुमेह असलेल्यांनी ही गोष्ट अधिक गांभीर्याने घ्यावी. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने खाली आणणाऱ्या गोळ्या चालू असतील आणि जेवण लांबले, तर रक्तातील साखर 70 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली जाऊ शकते. घाम येणे, हातपाय थरथरणे, छातीत धडधडणे, गोंधळल्यासारखे होणे ही त्याची लक्षणे आहेत. अशा वेळी सुमारे 15 ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर घेऊन 15 मिनिटांनी पुन्हा तपासणी करायची असते, आणि तेव्हा पथ्याचा विचार बाजूला ठेवायचा असतो. खिशात ग्लुकोजच्या गोळ्या असाव्यात. जेवण उशिरा होण्याची शक्यता असेल तर औषधाची वेळ कशी सांभाळायची हे आपल्या डॉक्टरांना आधीच्या आठवड्यातच विचारून ठेवावे.

ताट भरून झाल्यावर ‘नको’ म्हणणे

सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहितो. वाढणारा आपल्या शेजारी उभा असतो तेव्हा आपण गप्पांत असतो, आणि भानावर येईपर्यंत ताटात घरच्या दुप्पट अन्न असते. मग ‘टाकायचे कसे’ हा विचार येतो आणि भूक संपल्यानंतरही खाणे चालू राहते. प्रमाणाचा हा परिणाम मोजलेला आहे. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगात एकच पदार्थ वेगवेगळ्या दिवशी 500 ते 1000 ग्रॅम अशा वेगवेगळ्या प्रमाणांत दिला गेला. सर्वांत मोठ्या वाढपाच्या दिवशी लोकांनी सर्वांत लहान वाढपाच्या दिवसापेक्षा सुमारे 30 टक्के अधिक खाल्ले, आणि प्रमाण बदलले आहे हे अनेकांच्या लक्षातही आले नाही. अंदाज चुकणे हा तुमच्या एकट्याचा दोष नाही. समोर असलेल्या अन्नावरूनच माणूस ‘किती खायचे’ हे ठरवत असतो.

म्हणून बोलायची वेळ वाढण्यापूर्वीची आहे. वाढणाऱ्याचा हात ताटाकडे येण्याआधी त्याच्याकडे पाहून ‘याचे अर्धेच वाढा’ किंवा ‘भाजी दोनदा द्या, हे मात्र नको’ असे स्पष्ट सांगितले, तर बहुतेक लोक आनंदाने तसे करतात, कारण त्यांनाही अन्न वाया गेलेले नको असते. ‘थोडेच’ हा शब्द मात्र टाळावा. थोडे म्हणजे किती हे ज्याचे त्याने ठरवायचे असते, आणि वाढणाऱ्याचे थोडे नेहमी मोठे असते. ‘अर्धे’, ‘एक चमचा’, ‘एकच तुकडा’ असे मोजता येणारे शब्द वापरावेत. आधीच भरलेले ताट समोर आले असेल, तर जेवण सुरू करण्यापूर्वी जे खायचे नाही ते ताटाच्या एका कडेला वेगळे करावे किंवा स्वच्छ असतानाच दुसऱ्या ताटलीत काढून परत द्यावे. निम्मे जेवण झाल्यावर हे करणे फार अवघड जाते.

याहून आधीची पायरी म्हणजे यजमानांशी दोन-तीन दिवस अगोदर बोलणे. जेवणात काय आहे हे विचारणे उद्धटपणाचे नाही. ‘माझ्या ताटात तळलेले नको, उकडलेली भाजी असली तर बरे होईल’ एवढी विनंती स्वयंपाकघराला आदल्या दिवशी सहज पाळता येते, पण ऐन वेळी तीच विनंती सर्वांची तारांबळ उडवते. एक गोष्ट मात्र करू नये: पदार्थ टाळण्यासाठी खोटी ॲलर्जी सांगू नये. ज्यांना खरोखर ॲलर्जी आहे त्यांच्या जिवाशी हा विषय जोडलेला असतो, आणि खोट्या कारणांमुळे त्यांच्या सांगण्याचे वजन कमी होते.

नकारासोबत लांबलचक कारणे देणे

आग्रह प्रेमाने केलेला असतो, आणि म्हणूनच तो परतवताना आपल्याला अपराधी वाटते. त्या अपराधी भावनेतून आपण वजन, डॉक्टरांचा सल्ला, मागच्या महिन्याची तपासणी असे सगळे सांगत बसतो. प्रत्येक कारणाला समोरच्याकडे उत्तर असते: एका दिवसाने काय होते, आज चालते, हे तर घरी केलेले आहे. संभाषण जितके लांबते तितका नकार कमकुवत होतो. 

आभार, कौतुक आणि नकार एकाच वाक्यात यावेत: ‘फार छान झाले आहे, माझे पोट भरले, आता नको.’ पुन्हा विचारले तर तेच वाक्य त्याच शांतपणे पुन्हा म्हणावे. ‘मला हे खायची परवानगी नाही’ असे म्हटले की निर्बंध बाहेरून आल्यासारखा वाटतो आणि तो मोडायला समोरचा मदत करू पाहतो; ‘मी रात्री गोड खात नाही’ असे म्हटले की ती आपली सवय ठरते आणि वाद सहसा तिथेच थांबतो. आग्रह करणारी व्यक्ती वयाने मोठी आणि फार जवळची असेल, तर मी एक घास घेतो, मनापासून चव घेतो आणि त्यांना तसे सांगतो. त्या एका घासाने आहार बिघडत नाही, मात्र त्यापुढचे पूर्ण वाढप घेण्याचे बंधन त्यातून येत नाही हेही लक्षात ठेवावे.

पेयांचा हिशेब न ठेवणे

एका 330 मिलिलिटरच्या गोड शीतपेयात साधारण 35 ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार वरून घातलेली साखर, मध आणि रसांतील साखर मिळून दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांपेक्षा कमी असावी. 2000 किलोकॅलरींच्या आहारात ही मर्यादा 50 ग्रॅम होते. मद्यातील अल्कोहोलच्या प्रत्येक ग्रॅममधून 7 किलोकॅलरी मिळतात, आणि त्याने खाण्यावरचा ताबाही सैल होतो. बसल्याबरोबर पाणी मागून पेला भरून ठेवावा, म्हणजे कोणी दुसरे काही ओतायला येत नाही.

गप्पांच्या ओघात आणि कोणत्याही क्रमाने खाणे

सोबतीने माणूस जास्त खातो. जॉन डी कॅस्ट्रो यांनी 1989 मध्ये प्रसिद्ध केलेल्या, लोकांच्या रोजच्या आहाराच्या नोंदींवर आधारलेल्या अभ्यासात इतरांसोबतची जेवणे एकट्याच्या जेवणांपेक्षा सरासरी 44 टक्के मोठी निघाली. जेवण लांबते, ताट समोर राहते आणि हात चालू राहतो. त्यात पदार्थांची विविधता भर घालते: एका चवीचा कंटाळा आला तरी दुसऱ्या चवीची भूक शिल्लक असते. पोट भरल्यानंतरही गोड पदार्थाला जागा होते ती याच कारणाने.

गप्पा कमी करणे हा यावरचा उपाय नव्हे, कारण आपण माणसांना भेटायलाच गेलेलो असतो. क्रम आणि वेग मात्र आपल्या हातात असतो. ताटातील भाज्या आणि प्रथिनांचे पदार्थ आधी खावेत, भात किंवा पाव यांसारखे पिष्टमय पदार्थ शेवटी घ्यावेत. टाइप 2 मधुमेह असलेल्या व्यक्तींवरील 2015 च्या एका छोट्या अभ्यासात याच क्रमाने जेवल्यावर तासाभरानंतरची रक्तशर्करा उलट्या क्रमाच्या तुलनेत सुमारे 37 टक्के कमी आढळली. सहभागी फक्त 11 होते, त्यामुळे या आकड्याला अंतिम मानू नये. पण हा क्रम पाळायला काही खर्च नाही आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. पोट भरल्याची जाणीव व्हायला साधारण 20 मिनिटे लागतात, म्हणून बोलताना चमचा खाली ठेवावा आणि दुसऱ्या वाढपाचा निर्णय तेवढा वेळ गेल्यावरच घ्यावा. भूक संपली की ताटली किंचित पुढे सरकवावी, म्हणजे वाढणाऱ्यालाही ते कळते.

एका चुकीनंतर सगळेच सोडून देणे

सुरुवातीलाच तळलेले चार तुकडे खाल्ले गेले, आता आजचा दिवस गेलाच, मग उद्यापासून पाहू: हा विचार मूळ चुकीपेक्षा जास्त नुकसान करतो. पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांच्या 1975 च्या प्रयोगात काहींना आधी मिल्कशेक दिला गेला, काहींना दिला गेला नाही, आणि नंतर सर्वांना हवे तितके आइसक्रीम दिले गेले. एरवी मोकळेपणाने खाणाऱ्यांनी मिल्कशेक प्यायल्यावर आइसक्रीम कमी खाल्ले. जे कडक पथ्य पाळत असत त्यांनी मात्र उलट जास्त खाल्ले, कारण त्यांच्या मनात नियम एकदा मोडला गेला होता. 

म्हणून नियमच असा करावा की तो एका घासाने मोडणार नाही. ‘आज गोड अजिबात नाही’ यापेक्षा ‘आज जो एक पदार्थ खरोखर आवडतो तो अर्धा घेईन, बाकीचे गोड सोडेन’ हे ठरवून जाणे मला अधिक टिकाऊ वाटते. ‘जर… तर…’ अशा स्वरूपात ठरवले तर ऐन वेळी विचार करावा लागत नाही: जर दुसऱ्यांदा वाढायला आले, तर फक्त भाजी घेईन. ज्यांना पूर्वी खाण्याच्या विकाराचा त्रास झाला आहे त्यांनी मात्र मोजमापाचे हे नियम स्वतःवर लादू नयेत. त्यांनी आपल्या उपचारकांचा सल्लाच प्रमाण मानावा.

दुसऱ्या दिवशी वजनकाट्यावर उभे राहणे

समारंभानंतरच्या सकाळी काटा किलो-दीड किलो जास्त दाखवतो आणि माणूस घाबरून उपास सुरू करतो. एवढी चरबी एका रात्रीत तयार होत नाही. एक किलो चरबी साठायला सुमारे 7700 किलोकॅलरी जादा लागतात. वाढलेले वजन मुख्यतः पाण्याचे असते. जेवणातील जास्तीचे मीठ पाणी धरून ठेवते, आणि शरीरात साठलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत (म्हणजे यकृत आणि स्नायूंत साठवलेल्या शर्करेसोबत) साधारण तीन ग्रॅम पाणी साठते. शिवाय आदल्या रात्रीचे अन्न अजून आतड्यातच असते. नेहमीचे जेवण सुरू केले की काही दिवसांत काटा पूर्वीच्या जागी येतो.

उपासाने मात्र पुन्हा तीच कडकडीत भूक निर्माण होते आणि संध्याकाळी घरच्याच जेवणात ताबा सुटतो. त्या सकाळी भूक लागल्यावर साधा नाश्ता घ्यावा, पाणी नेहमीसारखे प्यावे, थोडे चालावे आणि वजन पुढच्या आठवड्यात, नेहमीच्या दिवशी, नेहमीच्या वेळी करावे.