जुन्या अ‍ॅम्बेसेडरचं इंजिन उघडताय? आधी व्हॉल्व्हची सीट, मग कॅम

१४८९ सीसीच्या जुन्या पेट्रोल अ‍ॅम्बेसेडरचं इंजिन उघडलंच असेल, तर पहिला खर्च एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या (जळलेला वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेच्या) सीटवर, म्हणजे झडप बंद होताना टेकते त्या कडेवर करा. हेड (सिलिंडरांवरचा, व्हॉल्व्ह बसवलेला भाग) बिडाचं, सीट त्यातच कापलेली. शिसं असलेल्या पेट्रोलने तिला संरक्षण मिळायचं. ते देशात २००० सालापासून बंद झालं. आता वेगात लांब पल्ला मारला की सीट झिजते, व्हॉल्व्ह आत बसत जातो आणि टॅपेटची (कॅमचा धक्का व्हॉल्व्हकडे नेणाऱ्या भागाची) फट कमी होत जाते. हेड मशीन शॉपमध्ये आहे तोवर कडक सीट रिंगा बसवून घ्या आणि गाईडही (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते ती नळी) तपासा.

कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा, उंचवटे असलेला दांडा) बदलायचा असेल तर सौम्यच निवडा. रेसिंग कॅमची ताकद वरच्या आरपीएमला (इंजिनच्या मिनिटाला जास्त फेऱ्यांना) मिळते, घाटात दुसऱ्या गिअरला मात्र गाडी दमते. नव्या कॅमवर जुने टॅपेट कधीच घालू नका. एकमेकांवर घासून बसलेली ती जोडी असते. जुना टॅपेट नव्या कॅमचा लोब, म्हणजे उंचवटा, खाऊन टाकतो. पहिल्यांदा स्टार्ट केल्यावर आयडलवर न ठेवता २००० आरपीएमच्या आसपास वीसेक मिनिटं चालू द्या.

सायलेन्सरचा पाईप मोठ्या व्यासाचा घेतला की ताकद वाढते, हे खरं नाही. उलट वायूचा वेग पडतो आणि कमी आरपीएमचा टॉर्क (ओढण्याची ताकद) जातो. या हेडला एक्झॉस्टची तोंडं तीनच, मधलं दोन सिलिंडरांत सामायिक. म्हणून तीन फाट्यांचा मॅनिफोल्ड (हेडमधून धूर पाईपात नेणारा जोड) घ्या, आणि तो बसवल्यावर कार्बोरेटरचं मिश्रण पुन्हा जुळवून घ्या.