कोडं अडलं, पण का? लहानपणापासून म्हातारपणापर्यंतच्या या चुका टाळा

कोडं सोडवताना माणूस अडतो आणि अडलाच पाहिजे. न अडता जे सुटतं त्याला कोडं कोण म्हणेल? पण अडण्याचे दोन प्रकार असतात. एकात डोकं कामाला लागतं, जरा वेळ जातो आणि मग कुठूनतरी वाट सापडते. दुसऱ्यात नुसती चिडचिड होते आणि खोका कपाटात जातो तो कायमचा. या दुसऱ्या प्रकारात दोष बहुतेक वेळा डोक्याचा नसतोच. तुकडे हाताला लहान पडत असतात, उजेड कमी असतो, शेजारी बसलेलं कुणीतरी मध्ये हात घालत असतं, किंवा कोडंच सुटण्यासारखं उरलेलं नसतं. वय बदलतं तशी ही कारणं बदलतात. आपण मात्र सगळ्या वयांना एकच निदान लावतो, 'जमत नाही'. त्या एका वाक्यापायी कितीतरी माणसं हा सुंदर छंद सोडून देतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मुलाच्या हातातला तुकडा घेऊ नका

दोन-तीन वर्षांची मुलगी लाकडी तुकडा खाचेत दाबते. बसत नाही, पुन्हा दाबते. शेजारचं मोठं माणूस म्हणतं, "अगं, असा फिरव ना," आणि तुकडा घेऊन बसवून टाकतं. तुकडा फिरवून बघायचा असतो हा शोध तिला स्वतः लागणार होता, तो आपण तिच्याकडून काढून घेतला. मदत करायचीच असेल तर उलट्या बाजूने करा. सगळे तुकडे तुम्ही लावा, शेवटचा तिला लावू द्या. पुढच्या वेळी दोन शिल्लक ठेवा, मग तीन. चित्र पुरं करण्याचा मान दर वेळी तिचाच राहतो आणि अवघडपणा एकेका तुकड्याने वाढतो.

खोक्यावरच्या वयाबद्दलही गोंधळ होतो. 'तीन वर्षांखालील मुलांसाठी नाही' ही सूचना बारीक तुकडे घशात अडकण्याच्या धोक्याबद्दल असते, ती काटेकोर पाळायची. बाकीचे वयाचे आकडे म्हणजे अवघडपणाचा ढोबळ अंदाज. पाच वर्षांचं मूल चोवीस तुकड्यांपाशी रडकुंडीला येत असेल तर त्याला बारा तुकड्यांचं द्या, त्यात कमीपणा काही नाही.

तुकड्यांच्या संख्येपेक्षा ते कसे कापले आहेत हे आधी बघा. १७६० च्या दशकात लंडनमध्ये जॉन स्पिल्सबरी या नकाशे करणाऱ्या कारागिराने लाकडावर नकाशा चिकटवून तो देशांच्या सीमांवरून कापला. मुलांनी भूगोल शिकावा हा हेतू होता. त्या कोड्यात प्रत्येक तुकडा म्हणजे एक देश होता, म्हणजे तुकड्याला स्वतःचा अर्थ होता. लहान मुलांना आजही तसंच हवं असतं. एका तुकड्यावर अख्खं चाक, दुसऱ्यावर अख्खा चेहरा. निम्मा कान आणि थोडं गवत असलेला तुकडा त्यांना काहीच सांगत नाही. आणि हो, कडेचे तुकडे आधी लावायची सक्ती करू नका, ती मोठ्यांची पद्धत आहे. मूल हत्तीच्या डोळ्यापासून सुरुवात करत असेल तर करू द्या. तेच कोडं रोज मोडून पुन्हा लावत असेल तरी वेळ वाया जात नाही, त्याची नजर पक्की होत असते.

शाळकरी वयात मोठी उडी नको

हनोईचा मनोरा घ्या. तीन खांब, त्यांतल्या एकावर एकावर एक चकत्यांचा मनोरा, तो अख्खा दुसऱ्या खांबावर न्यायचा, एका वेळी एकच चकती हलवायची आणि लहानीवर मोठी ठेवायची नाही. एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने १८८३ साली हे कोडं आणलं. बहुतेक घरांत मुलं पहिल्याच दिवशी सगळ्या चकत्या घेऊन बसतात. सात चकत्यांना किमान १२७ चाली लागतात, त्यामुळे मधेच धागा सुटतो. तीन चकत्यांना ७ आणि चार चकत्यांना १५ चाली पुरतात, तिथून सुरुवात करा. मनोरा नको त्या खांबावर उभा राहत असेल तर चूक पहिल्याच चालीत झालेली असते. चकत्यांची संख्या विषम असेल तर पहिली चकती जिथे मनोरा न्यायचा त्या खांबावर ठेवायची, सम असेल तर उरलेल्या दुसऱ्या मोकळ्या खांबावर.

रुबिक क्यूबमध्येही अशीच एक चूक घरोघरी होते. मूल एक बाजू पूर्ण पांढरी करतं, आनंदाने दाखवतं आणि मग पुढे काही सरकत नाही. कारण त्या पांढऱ्या तुकड्यांचे कडेचे रंग जुळलेले नसतात. प्रत्येक बाजूच्या मधला रंग इतर मधल्या रंगांच्या संदर्भात जागा सोडत नाही, म्हणून बाकीचे तुकडे त्याच्याशी जुळवायचे असतात. बाजू नव्हे, थर लावायचा. एवढं कळलं की गाडी रुळावर येते.

सुडोकूत अंदाजपंचे नको

नोकरी-संसाराच्या वयात कोडी सुटतात ती फटीफटीत मिळणाऱ्या वेळात, आणि म्हणून घाईत. सगळ्यात जास्त हाल होतात सुडोकूचे. दोन आकड्यांपैकी कुठला ते कळत नाही, एक ठोकून दिला जातो आणि शेवटच्या चार घरांत कळतं की एका ओळीत दोन ६ आलेत. तेव्हा ती चूक नेमकी कुठे झाली ते शोधणं जवळपास अशक्य असतं, कारण तिच्यावर पुढचे वीस आकडे उभे राहिलेले असतात.

नीट बनवलेल्या सुडोकूला एकच उत्तर असतं. दोन पर्याय दिसत असतील तर माहिती अजून पुरी झालेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. ते घर सोडून दुसरीकडे जा.

नवखे लोक अडतात ते मुख्यतः एकाच दिशेने बघत राहिल्यामुळे. ते प्रत्येक घराला विचारतात, 'इथे कोणता आकडा येईल?' आणि पाच-पाच पर्याय मिळाले की थकतात. प्रश्न उलटा करा. एक आकडा धरा, समजा ७, आणि विचारा, 'या नऊ घरांच्या चौकटीत ७ कुठे बसेल?' आजूबाजूच्या आडव्या-उभ्या ओळींतले ७ बहुतेक घरं बाद करतात आणि जागा आपोआप उघडी पडते. पेन्सिलीने बारीक पर्याय लिहिण्याची सवय चांगली, पण सगळ्या घरांत सगळे पर्याय लिहिले की कागद काळा होतो आणि काहीच दिसत नाही. चौकटीत एखादा आकडा दोनच जागी बसू शकतो असं दिसलं, तेवढंच लिहा. आकडा पक्का झाला की त्याचे इतर बारीक आकडे लगेच खोडा. न खोडलेला जुना आकडा पुढे हमखास फसवतो.

चूक सापडलीच तर आधी छापील आकडे नीट उतरवलेत का ते तपासा. ते बरोबर असतील तर मधलं थोडंसं खोडून डागडुजी करू नका, छापील आकड्यांपर्यंत मागे जा. जिवावर येतं, पण वेळ त्यातच वाचतो. आणि दिलेले आकडे कमी म्हणजे कोडं अवघड, असंही समजू नका. एकच उत्तर राहायला किमान १७ आकडे द्यावे लागतात हे २०१२ साली संगणकाच्या मदतीने सिद्ध झालं. तरी १७ आकड्यांचं एखादं सुडोकू सोपं जातं आणि २५ चं घाम काढतं.

शब्दकोड्यात घाईचं रूप वेगळं असतं. पहिलं सुचलेलं उत्तर पेनाने लिहिलं जातं आणि मग त्याच्याभोवती उभे शब्द जबरदस्तीने बसवले जातात. छेदणारा निदान एक शब्द जुळेपर्यंत फिकं लिहा. मराठी कोड्यात जोडाक्षर एकाच चौकोनात जातं हे विसरलं की अक्षरांची संख्या चुकते, आणि ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की आडवा शब्द जुळूनही उभा अडून बसतो.

चाळिशीनंतर आधी उजेड तपासा

या वयातली तक्रार ठरलेली असते, 'आता पूर्वीसारखं डोकं चालत नाही.' थांबा. चाळिशीच्या आसपास डोळ्याच्या भिंगाचा लवचिकपणा कमी होतो आणि जवळचं धूसर दिसू लागतं. सुडोकूतले बारीक ६ आणि ८ सारखेच दिसतात. चूक डोळ्याने केलेली असते, आळ डोक्यावर येतो. अंक मोठे छापलेलं कोडं घ्या किंवा पान मोठं करून काढा, चष्म्याचा नंबर तपासा आणि मग बघा डोकं चालतं की नाही.

जिगसॉ, म्हणजे तुकडे जुळवून करायचं चित्र, लावणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं आणि निळा प्रकाश कमी आत सोडतं. त्यामुळे गडद निळा, जांभळा आणि काळा यांच्यातला फरक पुसट होतो. तीस वर्षांपूर्वी ज्यांनी आकाश आणि समुद्र असलेलं हजार तुकड्यांचं चित्र सहज लावलं, त्यांना तेच चित्र सत्तरीत छळतं. याला बुद्धीची उतरण समजू नये. अशा वेळी लाल, पिवळे, केशरी रंग आणि ठळक रेषा असलेलं चित्र निवडा. वरून पडणारा झगझगीत दिवा तुकड्यांच्या चकचकीत पृष्ठभागावर चमकतो, म्हणून दिवा बाजूला ठेवा. मान आणि पाठ धरत असेल तर फळी थोडी तिरकी करा. हजार तुकड्यांचं चित्र साधारण ७० बाय ५० सेंटिमीटरचं होतं, ते जमिनीवर वाकून लावण्याचं वय एकदा सरलं की सरलं.

वय झालेल्यांना औषध म्हणून कोडी देऊ नका

'रोज सुडोकू सोडवा, म्हणजे विसरायला होणार नाही' असा सल्ला मुलं आई-वडिलांना प्रेमानेच देतात. पण त्यामुळे छंदाची गोळी होते, आणि चुकलं की भीती वाटते. सरावाने माणूस त्या कोड्यात तरबेज होतो हे खरं, पण ते कौशल्य रोजच्या इतर कामांत फारसं उतरत नाही, असंच बहुतेक संशोधनातून दिसत आलं आहे. २०१६ साली अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने मेंदूचे खेळ विकणाऱ्या एका कंपनीच्या अशा दाव्यांवर कारवाई केली आणि तिला २० लाख डॉलर भरावे लागले. कोडं आवडतं म्हणून सोडवावं, एवढं कारण भरपूर आहे. नेहमीच्या कोड्याचे नियमच आठवेनासे झाले, तर मात्र आणखी कोडी न देता डॉक्टरांकडे जावं.

घड्याळ लावून सोडवायची कोडी या वयात टाळलेली बरी. वेग उतरतो, शब्दसंग्रह आणि जगाची माहिती मात्र पुष्कळदा उशिरापर्यंत शाबूत राहते. म्हणून शब्दकोड्यात आजी नातवाला सहज मागे टाकते आणि दोघांनी मिळून सोडवलं तर फारच रंगत येते.

हात थरथरत असतील, बोटं दुखत असतील, तर मोठ्या तुकड्यांचा जिगसॉ आणा. पण चित्र मोठ्या माणसाला शोभेल असं असू द्या. आयुष्यभर संसार पेललेल्या माणसासमोर ससा आणि फुग्यांचं चित्र ठेवणं मला अपमानाचं वाटतं. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीच्या बाबतीत तर हे दुप्पट जपावं. कमी तुकडे, ओळखीचं दृश्य आणि तुकडा चुकीच्या जागी ठेवला तरी लगेच न टोकणं. ते बोलायला लागले तर कोडं बाजूला राहू द्या.

दोष कोड्यातच असेल तर

कोणत्याही वयात, सगळं बरोबर करूनही कोडं सुटत नसेल तर ही शक्यता तपासा. क्यूब खाली पडून निखळला आणि कुणीतरी तुकडे पुन्हा कसेही बसवले, तर तो सुटण्याची शक्यता बारात एक असते. शेवटी एकच कोपरा जागच्या जागी वळलेला राहिला, की समजा तो कुणीतरी पिळलाय. थर कितीही फिरवले तरी तो सरळ होणार नाही, तो कोपरा उलटा पिळून किंवा क्यूब उघडूनच लावावा लागेल. चौकटीत सरकवून १ ते १५ क्रमाने लावायच्या पंधरा ठोकळ्यांच्या कोड्याचं असंच आहे. १८८० मध्ये अमेरिकेत आणि युरोपात त्याचं वेड पसरलं होतं. १४ आणि १५ एवढेच उलटे असलेली मांडणी सोडवण्यासाठी लोक झुरले, पण ती सुटूच शकत नाही. ठोकळे बाहेर काढून मन मानेल तसे बसवले, तर निम्म्या मांडण्या अशाच न सुटणाऱ्या निघतात.

जिगसॉत एक तुकडा कमी पडला, तर आधी खोक्याच्या कडांच्या घडीत, फळीखाली आणि लावलेल्या तुकड्यांच्या मागे चिकटलेला बघा. वापरलेलं कोडं आणलं असेल तर सुरू करण्याआधी तुकडे मोजा. मोजताना एक ध्यानात ठेवा. खोक्यावर १००० लिहिलं असलं तरी पुष्कळ चित्रं ३८ बाय २७ अशी कापलेली असतात, म्हणजे तुकडे १०२६. अशा खोक्यात बरोबर एक हजार निघाले, तर सव्वीस हरवलेत.