चिवट रसायनांवर नियम करताना या चुका टाळा

नॉनस्टिक भांड्याच्या खोक्यावर ठळक अक्षरांत ‘पीएफओए-मुक्त’ असं छापलेलं असतं. ते बहुधा खरंही असतं. पण पीएफओए हे रसायन चिवट रसायनांच्या ज्या पीफास (पीएफएएस) घराण्यातलं, त्यात दहा हजारांहून जास्त रसायनं आहेत आणि बाकीच्यांबद्दल खोका अवाक्षर काढत नाही. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. नॉनस्टिकचं अस्तर, डाग न धरणारं कापड, तेलाची आग विझवायचा फेस, सगळीकडे ही मंडळी आहेत. त्यांच्यातला कार्बन-फ्लोरिन बंध ऊन, पाणी, जंतू यांपैकी कुणालाच सहजी तुटत नाही. पीएफओए रक्तातून निम्मं व्हायलाच काही वर्षं लागतात, आणि २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ते माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं.

एकेका नावाच्या मागे लागणं

सगळ्यात महागात पडलेली चूक हीच. न मोडणाऱ्या प्रदूषकांना आवर घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या यादीत याच घराण्यातलं पीएफओएस २००९ मध्ये आलं, पीएफओए २०१९ मध्ये, पीएफएचएक्सएस २०२२ मध्ये. तेरा वर्षांत तीन नावं आणि त्यांचे जवळचे भाईबंद. या चालीने घराणं कधी संपायचं? मधल्या काळात पीएफओएच्या जागी आखूड साखळीचं, म्हणजे कार्बनचे अणू कमी असलेलं, जेनएक्स आलं. आखूड म्हणजे निर्धोक, असा समज. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात, जिचं पाणी लोक पितात त्या केप फिअर नदीत ते असल्याचं उघड झालं. आखूड साखळीची बरीच रसायनं शरीरातून लवकर जातात हे खरं, पण पाण्याबरोबर ती लांबवर पोचतात आणि कार्बनच्या गाळणीला कमी चिकटतात. आगीतून फुफाट्यात.

डेन्मार्क, जर्मनी, नेदरलँड्स, नॉर्वे आणि स्वीडन यांनी जानेवारी २०२३ मध्ये युरोपीय संघापुढे अख्ख्या घराण्यावरच निर्बंधाचा प्रस्ताव ठेवला, तो याच अनुभवातून. मला हीच दिशा योग्य वाटते. काही वापरांना सवलती द्याव्या लागतीलच, पण मुदत न लिहिलेली सवलत म्हणजे कायमची परवानगी.

‘बाहेर जास्त, आत कमी’ दिसलं की यंत्राला दोष देणं

सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात शिरणाऱ्या पाण्यापेक्षा बाहेर पडणाऱ्या पाण्यात पीएफओए जास्त भरतं, तेव्हा पहिला संशय प्रयोगशाळेवर जातो. पुष्कळदा प्रयोगशाळा बरोबर असते. चाचणीच्या यादीत नसलेली पूर्वगामी रसायनं टाकीतल्या जंतूंमुळे अर्धवट मोडतात आणि त्यांचं पीएफओए होतं. अशा वेळी त्यांचाही हिशेब धरणारी चाचणी मागा.

नमुना घेतानाचा गलथानपणा

अमेरिकेने २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्यात पीएफओएची मर्यादा लिटरला ४ नॅनोग्रॅम ठेवली. म्हणजे लाख कोटी भागांत चार भाग. इतक्या बारीक मोजणीत नमुना घेणाऱ्याचं जलरोधक जाकीटसुद्धा त्याच्या लेपातल्या पीफासमुळे घोळ घालू शकतं. बाटली पॉलिप्रॉपिलीनची घ्या, झाकणाला टेफ्लॉनचं अस्तर नको, तेही याच घराण्यातलं. सोबत पीफास नसलेल्या पाण्याची एक बाटली न्या, नमुन्याच्या जागीच ते पाणी दुसऱ्या रिकाम्या बाटलीत ओता आणि ती बाटलीही तपासायला पाठवा. तिच्यात पीफास सापडलं तर मळ तुमच्या हाताळणीतला. तो आकडा वजा करून अहवाल उरकू नका, नमुना पुन्हा घ्या. कंटाळवाणं आहे, पण इथेच निम्मे वाद मिटतात.

अहवालात ‘आढळलं नाही’ असेल, तर किती नॅनोग्रॅमपर्यंत मोजलं ते आधी बघा. मर्यादा ४ आणि मोजमापाची कुवत २० असेल, तर त्या कागदाला काहीच अर्थ नाही.

पाणी उकळणं

उकळून पीफास जात नाही. वाफ होते पाण्याची, म्हणून उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण उलट किंचित वाढतं. उपयोग होतो तो ॲक्टिव्हेटेड कार्बन, आयन एक्स्चेंज (विद्युतभारित कण धरून ठेवणारी राळ) किंवा आरओचा.

गाळलं, आता सुटलो

आरओने जे अडवलं ते टाकाऊ पाण्यातून गटारात जातं. गाळणीतला पीफासने भरलेला कार्बन साध्या कचऱ्यात टाकला, तर कचराभूमीच्या झिरपणीतून तेच रसायन भूजलात उतरू शकतं. भट्टीचं तापमान अपुरं असेल तर जाळतानाही ते अर्धवट तुटून हवेत जाऊ शकतं. म्हणून गाळणी बसवायच्या करारातच वापरलेला कार्बन कोण नेणार, कुठे नेणार आणि तिथे त्याचं काय करणार, हे लिहून घ्या.