टेकऑफच्या या चुका टाळा

सुट्टीला कोल्हापुरात आलेली, फ्लाइंग शिकणारी पोरं अधूनमधून घरी येतात. लँडिंग गुळगुळीत कसं करायचं, हे सगळ्यांना हवं असतं. टेकऑफबद्दल कुणी तोंड उघडत नाही. थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर वाढवायचा दांडा, पुढं ढकलला की उडतंय की, ही समजूत.

सगळ्यात जुनी चूक म्हणजे ऊन हिशोबात न धरणं. कोल्हापूरचा, उजळाईवाडीचा विमानतळ समुद्रसपाटीपासून साधारण 2000 फुटांवर. एवढ्या उंचीवर प्रमाण तापमान 11 अंश धरतात. एप्रिलच्या दुपारी पारा 38 वर गेला, म्हणजे 27 अंश जास्त. गरम हवा विरळ, म्हणून जास्तीच्या दर अंशाला 120 फूट उंची वाढली असं धरा. विमानाच्या लेखी ते 5200 फुटांवर उभं आहे! इंजिन ढिलं, प्रोपेलरची ओढ कमी, पंखांना उचल कमी.

एकदा अशाच दुपारी सेस्ना 152 हे दोन सीटचं छोटं विमान घेऊन एक विद्यार्थी आणि मी इथं थांबलो होतो. तो 92 किलोचा, मी 88. मी मिसळीवर असताना त्यानं बॅरलमधून दोन्ही टाक्या काठोकाठ भरून घेतल्या. विमानासकट एकूण वजनाची मर्यादा 757 किलोची, आम्ही वीसेक किलो वर. टॅक्सी करताना म्हणाला, "सर, पट्टीच्या टोकापर्यंत कशाला? मधूनच निघू की." मी हो म्हणालो नाही, पण नाहीही म्हणालो नाही.

धावपट्टी संपत आलेली दिसली तसं त्यानं घाबरून नाक वर ओढलं. चाकं सुटली, विमान हातभर वर तरंगलं आणि तिथंच राहिलं. जमिनीलगत पंखांना जो जास्तीचा आधार मिळतो, त्याच्यावरच ते लोंबकळत होतं. स्टॉलची, म्हणजे पंखांची उचल सुटायला आल्याची, पिपाणी वाजायला लागली. मी थ्रॉटल मागं घेतला, विमान खाली बसवलं. पट्टी ओलांडून गवतात थांबलो, पुढचं चाक मातीत. इंजिन बंद केल्यावर पोरगं म्हणतंय, "सर, अजून थोडं ओढलं असतं तर उडालं असतं." काय बोलणार?

तेव्हापासून मी धावपट्टीच्या निम्म्यावर एखादी खूण हेरून ठेवतो. विमान उचलायचा वेग 50 नॉट असेल तर तिथं निदान 35 नॉट मिळाले पाहिजेत. नसले तर थ्रॉटल बंद, चर्चा नाही. दुपारी निघायचंच तर फुल थ्रॉटलवर जास्तीत जास्त आरपीएम मिळेपर्यंत मिश्रण पातळ करून घेतो, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी. खरं सांगायचं तर एप्रिलमध्ये सकाळी नऊच्या आत उडावं आणि दुपारी झोपावं.

दुसरी चूक जीव घेते. टेकऑफनंतर इंजिन गेलं की मागं वळायचा मोह. पट्टी मागं दिसत असते ना! पण वळण 180 अंशांत संपत नाही, पट्टीच्या रेषेवर यायला त्याहून जास्त वळावं लागतं. 45 अंश झुकवलं तर स्टॉलचा वेग जवळजवळ 19 टक्क्यांनी वाढतो, 60 अंशांना 41 टक्क्यांनी. उंची संपते, वेग संपतो, एक पंख खाली पडतो. आधी नाक खाली, मग समोर जे मिळेल ते. उभ्या उसात उतरलात तर विमान मोडेल, शेतकरी शिव्या घालेल, घालू दे. लाइन-अप झाल्यावर, म्हणजे विमान पट्टीवर सरळ उभं केल्यावर, मी मोठ्यानं म्हणतो, "पाचशे फुटांखाली इंजिन गेलं तर समोरच." पोरं हसतात. हसोत.

बाकीच्या पटापट. मॅग्नेटो, म्हणजे इंजिनाला ठिणगी देणारं यंत्र, तपासताना आरपीएम जास्त पडला तर "चालतंय" म्हणू नका. ट्रिम, म्हणजे नाकाचा तोल साधणारं चाक, टेकऑफच्या खुणेवर आहे का ते हातानं बघा. फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या झडपा, डोळ्यांनी बघा, नुसत्या लिव्हरवर विश्वास नको. सीट रुळावर पक्की बसली का, ते हलवून पाहा. ऐन धावेत सीट मागं सरकली की हात योकसकट, म्हणजे विमानाच्या स्टिअरिंगसकट, मागं येतात.

आणि पावसाळ्यात टाकीतलं पाणी. पेट्रोल हलकं, पाणी तळाला बसतं, म्हणून पहाटे खालून थोडं पेल्यात काढून बघतात. पोरं पेला उजेडाकडं धरतात, आत रेघ दिसली नाही की "क्लिअर आहे सर." अरे, पेलाभर पाणीच आलं असेल तर रेघ कुठून दिसणार? आपलं विमानाचं पेट्रोल, 100 एलएल, निळं असतं. निळेपणा बघा, बोटाला लावून वास घ्या.